सबसिडीच्या नावाखाली सोलर गळ्यात मारलं, निपाणी-चिकोडी भागातल्यांनी वाचा

पहिल्यांदा सांगतो, पाणी तापवायच्या सोलरला केंद्राची सबसिडी २०१४ सालीच बंद झालीय. त्यामुळे जो कोण दारात येऊन "साठ टक्के सरकार देतंय मामा" म्हणेल त्याला चहा पण विचारू नका. मला हे कळेपर्यंत माझे ४०,२४० रुपये गेले होते, आणि गल्लीतल्या बाकीच्यांचे किती गेले ते सांगायला लाज वाटते, कारण त्यातल्या निम्म्या लोकांनी माझं बघून पैसे भरले आणि आता रस्त्यात भेटले की मान वळवून जातात.

आमचं गाव कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात. ऊन म्हणाल तर बक्कळ. पूर्वी घरोघरी न्हाणीत बंब, पाचट नाहीतर शेणी घालायच्या, धुरानं आईचे डोळे गेले म्हणून आम्ही गीझर घेतला. पुढे २०२३ ला राज्य सरकारची गृहज्योती योजना आली, घराच्या सरासरी वापराप्रमाणे जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत बिल झिरो, पण २०१ झालं की सगळंच बिल भरायचं. थंडीत गीझर लावला की आमच्या सात माणसांच्या घरात मीटर दोनशेच्या काठावर जाऊन बसायचा, महिना अखेरीला पोरांना गार पाण्यानं आंघोळ करायला लावायची. तर सोलर विकायला आलेल्या या माणसाला हे सगळं पाठ होतं. गावात येऊन पहिलं वाक्यच ते, "मामा, लाइट बिल झिरो ठेवायचं आहे ना?"

मे २०२४ ची गोष्ट. लोकसभेचं मतदान ७ तारखेला झालं आणि त्याच आठवड्यात समाज मंदिरात मीटिंग, पंचायतीचा माइक, बाहेर पांढरी गाडी, गाडीवर पंतप्रधानांचा फोटो आणि मोठ्या अक्षरात सूर्य घर. आता ही योजना खरी आहे, फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, पण ती छतावर वीज तयार करायच्या पॅनेलसाठी. एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन किंवा जास्तला ७८,०००. पाणी तापवायच्या टाकीचा त्यात काही संबंध नाही. मी मीटिंगमध्येच विचारलं होतं, पोर्टलवर वॉटर हीटर दिसत नाही म्हणून. भर सभेत विचारलं, लोक साक्षीला आहेत. तर म्हणाला, "आचारसंहिता आहे ना मामा, ४ जूनला निकाल लागला की दिसेल, तोवर ऑफलाइन फॉर्म चालू आहेत." सांगा आता, आचारसंहिता खरंच होती की. पंचायतीतली कामं सुद्धा त्याच कारणानं थांबलेली. शिकलेल्या माणसाला पण पटेल असंच उत्तर होतं ते, आणि मी बीकॉम आहे, सोसायटीचा हिशेब बघतो, मला कोणी अडाणी समजू नये.

हिशेब असा. २०० लिटरचं सोलर ३६,००० ला. त्यातले २१,६०० सबसिडी म्हणून ४५ दिवसात खात्यावर परत. बुकिंगला ५,०००, माल उतरला की २४,०००, फिटिंग झाल्यावर ७,०००. वर पोर्टल रजिस्ट्रेशन म्हणून १,१८०, म्हणजे हजार आणि १८ टक्के जीएसटी. अशी तुटक रक्कम बघून माणसाला वाटतंय हे सरकारीच असणार, हे त्या चोरांना बरोबर माहीत असतंय. पैसे फोनवरून पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नाही, कोणा बाईचं नाव आलं. "आमच्या अकाउंटंट मॅडम" म्हणाला. असं दिसलं तर तिथंच फोन खिशात घाला.

पण मला जी गोष्ट रात्री झोपू देत नाही ती ट्यूबची. टेम्पो संध्याकाळी आला. वीस काचेच्या ट्यूब खोक्यातून काढून अंगणात पोत्यावर ठेवल्या. माझ्या पुतण्यानं एक उचलली आणि म्हणाला काका, हिचं बूड पांढरं आहे, बाकीच्यांचं आरशासारखं चकचकीत आहे. मी बघितलं. वीसातल्या सहा ट्यूबची बुडं खडू फासल्यासारखी पांढरी. बोटानं घासून बघितलं तर निघेना, डाग काचेच्या आत होता. मी त्या फिटरला विचारलं, आणि हे लक्षात ठेवा की मी विचारलं, तो म्हणाला ते नवीन मॉडेल, चांदीवालं जुनं. आणि तेवढ्यात मळ्यातनं फोन आला बोअरची मोटर जळाली, पाणी चालू असताना उसाचं काय करायचं, मी वाइंडिंगवाल्याकडे पळालो. चांदी आणि पांढरं यातला फरक मला सहा महिन्यांनी चिकोडीच्या एका दुकानदारानं सांगितला. ट्यूबला दोन काचा असतात, मधली हवा काढलेली असते, म्हणून उष्णता बाहेर जात नाही. बुडाला आतून बेरियमचा थर असतो तो चांदीसारखा दिसतो, आणि कुठूनही हवा आत शिरली की तोच थर पांढरा पडतो. म्हणजे पांढरं बूड म्हणजे मेलेली ट्यूब. एवढं साधं. बारा वर्षांच्या पोराला दिसलं होतं. मोटर त्याच संध्याकाळी जळायची होती!

फिटिंग दुसऱ्या दिवशी भर दुपारी. रिकाम्या ट्यूब दोन तास उन्हात तापल्या आणि त्या शहाण्यानं वरून गार पाणी सोडलं, फाट फाट दोन फुटल्या. पाणी सकाळी नाहीतर सूर्य कलल्यावर भरायचं असतंय, ट्यूब झाकून. त्या फुटक्या दोन ट्यूबचे पण माझ्याकडूनच ७०० घेतले, "काच आहे मामा, गॅरंटी नसते." टाकीवरची हवेची नळी त्यानं कचरा जातो म्हणून टोपण लावून बंद केली. पावसाळ्यात एकदा टाकी रिकामी होत होती आणि तिची एक बाजू आत चेपली, आवाज शेजारी ऐकू गेला. ती नळी कधीच बंद करायची नसते म्हणे. तोंड दक्षिणेला हवं होतं, त्यानं पश्चिमेला केलं, कारण पाइप कमी लागला.

आता लोक म्हणतील महिनाभर तरी पाणी तापत होतं की नाही? तापत होतं. मे महिन्यात आमच्याकडे काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी पण दुपारी हात भाजतंय. म्हणूनच हे लोक उन्हाळ्यात येतात. शेजारचे बघायला आले, नळ सोडून बघितला, कडकडीत पाणी, लगेच बुकिंग. मी कोणाला घ्या म्हणालो नव्हतो. त्यानं मला "गाव प्रतिनिधी" असं कार्ड छापून दिलं, ते मी कपाटात टाकलं, एक रुपया कमिशन घेतलं असेल तर दाखवा. पण आता चावडीवर हेच चाललंय की मला घरामागे पाचशे मिळाले. बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार.

जुलैत फोन आला, सबसिडी मंजूर, रिलीज चार्ज २,३६० भरा. भरले. मेव्हणा अजून विचारतो कशाला भरलास. अरे ३६,००० आधीच अडकलेत, २१,६०० येणार म्हणतात, तिथं २,३६० कडे कोण बघतंय? तू असतास तर तू पण भरला असतास. त्यानंतर नंबर बंद.

दिवाळीनंतर सकाळचं पाणी कोमट सुद्धा येईना, आणि जानेवारीत टॉवेलवर तांबूस डाग पडायला लागले. टाकी आतून स्टेनलेस स्टीलची, ३०४ ग्रेड, असं पत्रकात होतं. दुकानदारानं ट्यूबच्या भोकातून लोहचुंबक आत लावलं, खटकन चिकटलं. ३०४ ला असं चिकटत नाही. बाहेरच्या पत्र्याला चिकटलं तर घाबरू नका, तो साधाच असतो, आतल्याला लावून बघा. असा माल १६,००० च्या वर नाही म्हणाला. बिल बघून तर हसलाच. जीएसटी नंबर २४ नं सुरू होतोय, म्हणजे गुजरात. कर्नाटकाचा २९, महाराष्ट्राचा २७. आणि नंबर पंधरा अक्षरी असतो, माझ्या बिलावर चौदाच. हिशेब बघणारा माणूस मी, आणि मोजले नाहीत, कारण बिल दिलंच मुळी फिटिंगनंतर, टेम्पो चालू करता करता.

माझे तरी घरातले पैसे गेले. गल्लीतली एक आक्का, नवरा नाही, तिच्याकडे पैसे नाहीत म्हटल्यावर "हप्त्यानं देतो" म्हणून आधार, पासबुक घेऊन टॅबवर अंगठा घेतला. ते फायनान्स कंपनीचं कर्ज निघालं, महिन्याला २,४५० असे १८ हप्ते, म्हणजे ४४,१००. त्याच खात्यावर तिचे राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० येतात. पैसे पडले की हप्त्यात जातात, कमी पडले की बाउन्सचा दंड वेगळा. बँकेत तिला घेऊन गेलो तर मॅनेजर म्हणतो अंगठा तुमचाच आहे ना. टॅबवर काय लिहिलं होतं ते वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका, कोणी का असेना.

आणि आता आपल्या साहेब लोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात अर्ज दिला तर मराठीत आहे म्हणून परत, कन्नडमध्ये आणा. बाहेर टायपिंगवाल्याला २०० देऊन आणला. मग प्रश्न, पैसे कुठल्या खात्यात गेले? कोल्हापूरच्या. मग तिकडं जा. कोगनोळीचा टोल ओलांडून तिकडं गेलो. फसवणूक कुठं झाली? चिकोडी तालुक्यात. म्हणजे कर्नाटक, तिकडं जा, इथं आमची हद्द नाही. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहेच, माझा अर्ज पण तिथंच जोडायचा काय? १ जुलै २०२४ पासून नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झालाय, त्यात कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून पुढे पाठवायचा असतो, झिरो एफआयआर. हे मी मोबाइलवर उघडून दाखवलं तर हवालदार म्हणाला, वकील आहात काय ओ. इकडं कन्नड येत नाही म्हणून ऐकायचं, तिकडं तुम्ही कर्नाटकातले म्हणून ऐकायचं, आणि मत मागायला दोन्हीकडचे येतात.

पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, म्हणाले हॉल भाड्यानं दिला होता, आत काय बोलले आम्हाला काय माहीत. माइक मात्र पंचायतीचा! वीज ऑफिसात गेलो तर सोलर असलेल्यांना युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सूट होती असं तेव्हा कळलं, पण सोलर चालू पाहिजे. माझं चालू नाही म्हणून तर आलोय ना साहेब. त्यावर पुढच्या काउंटरला जा. कोल्हापूरच्या एमआयडीसीतला पत्ता पत्रकावर होता, तिथं जाऊन बघितलं, गाळा होता पण त्यात फाउंड्रीचं काम, सोलरचं नाव कोणी ऐकलेलं नाही. ऑनलाइन पैसे गेल्याचं ज्याला लगेच कळेल त्यानं त्याच तासाला १९३० ला फोन करा, उशीर झाला की पैसे खात्यातनं काढलेले असतात.

खरं सोलर वाईट नसतंय हे पण सांगतो, नाहीतर उगाच लोक परत बंबाकडं वळतील. माझ्या मामाच्या घरी वर्षानुवर्षं चालतंय. दुकानात जाऊन घ्या, ट्यूबवाल्या सिस्टिमला आयएस १६५४४ आणि आयएसआयचा शिक्का बघा, बोअरचं पाणी जड असेल तर आधी सांगा, आणि पैसे फिटिंग होऊन पहाटेचं पाणी बघितल्यावर द्या.

माझं आता ग्राहक आयोगाकडं चाललंय, बेळगावला. वकील १०,००० मागत होता, गरज नाही, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. पण नोटीस लावायला समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्याकडं तो फाउंड्रीचाच आहे. एकाच प्रकारे फसलेल्यांना मिळून एक तक्रार करता येते, आयोगाची परवानगी घेऊन. तर निपाणी, चिकोडी, हुक्केरी नाहीतर पलीकडं कागल, गडहिंग्लजमध्ये कोणाकडं २४ नं सुरू होणारं चौदा अक्षरी नंबरचं बिल असेल, नाहीतर त्या अकाउंटंट मॅडमच्या खात्यावर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट असेल, तर तो डिलीट करू नका, आणि कोणाला त्याचा खरा पत्ता माहीत असेल तर आधी मला सांगा, पोलिसांना मी सांगतो, दोन्हीकडच्या.