आजीची मांडी की अंगणवाडी?

आमच्या लातूरकडं लेकरू अडीच-तीन वर्षांचं झालं की घरोघरी हा वाद निघतोच. "एवढुसं लेकरू कशाला धाडता?" असं आजी म्हणते, आणि तिचं अगदीच चूक नसतं.

आमची पोरगी दहा महिन्यांची असताना दारात अनोळखी माणूस दिसला की आजीच्या पदरात तोंड खुपसायची, मग हळूच एका डोळ्यानं बघायची. आजी तिला पुढं ढकलायची नाही, नुसती पाठ थोपटायची. त्या वयात परक्याची भीती वाटणं हे वाढीचंच लक्षण. हक्काचं माणूस जवळ असलं की लेकरू तिथूनच जग बघायला धजावतं. म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत माझं मत आजीच्या बाजूनं.

पण आजी मागायच्या आधीच देते. रडलं की बिस्किट, नाहीतर मोबाइल! (जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय: वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना फार तर तासभर.)

अंगणवाडीत 3 ते 6 वर्षांची पोरं असतात. 1975 पासूनची ही योजना बरेच जण फक्त खिचडीपुरती ओळखतात. तिथं चेंडू एक आणि हात सहा. आमचीनं पहिल्या दिवशी एकाला बोचकारलं. पंधरवड्यानं तीच म्हणत होती, "आता तुझा डाव."

पहिला आठवडा मात्र आजीच तिथं ओसरीवर बसून होती.