कावीळ झालीय, आधी सोनोग्राफी की डायरेक्ट एमआरसीपी?

आमच्या काकांचे डोळे पिवळे झाले तेव्हा घरात दोन पार्ट्या पडल्या, काकू म्हणे कळव्यात कोणीतरी काविळीचा झाडपाला देतो तो आणू, आणि भाऊ म्हणे थेट एमआरसीपीच (एमआरआय मशीनमध्ये पित्ताच्या नळ्यांचे फोटो) करून टाकू, काय तो खर्च एकदाच.

माझं मत, सोनोग्राफी आधी. स्वस्त, रेडिएशन नाही, दहा-पंधरा मिनिटांत कळतं की पित्तनलिका फुगलीय का नाही. फुगली नसेल तर बहुतेक वेळा भानगड लिव्हरमध्येच असते, हिपॅटायटिस वगैरे, आणि फुगली असेल तर पुढे कुठेतरी बूच बसलंय. नळी साधारण 6 मिमीपर्यंत नॉर्मल धरतात, म्हाताऱ्या माणसात थोडी जास्त, पित्ताशय काढलेलं असेल तर 10 पर्यंतही असू शकते, त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरायचं नाही. उपाशीपोटी मात्र जा, काका दुधाचा चहा-खारी खाऊन गेले आणि पित्ताशय आकसलंय म्हणून ठाणे स्टेशनजवळच्या सेंटरवरून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पित्ताशयात खडे दिसले, नळी 11 मिमी, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की नळीचं खालचं टोक गॅसमुळे दिसलं नाही. भाऊ म्हणाला नळीत खडा नाहीये ना मग झालं, अरे बाबा, दिसलं नाही आणि नाहीये यात फरक आहे! सोनोग्राफी पित्ताशयातले खडे छान पकडते पण नळीतले तिला बऱ्याचदा चकवतात.

एमआरसीपी इथे कामाला येते, पूर्ण नळी दिसते, पण पैसे कितीतरी जास्त, पेसमेकर असेल तर आधी सांगावं लागतं, आणि अर्धा तास आत पडून मधेमधे श्वास रोखायचा. काका म्हणाले पारसिकच्या बोगद्यात लोकल अडकल्यासारखं वाटलं. खालच्या टोकाला खडा निघाला, मग ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, काढला. ती मात्र नुसत्या तपासणीसाठी करून घेऊ नका, त्यानंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

न दुखता कावीळ, वजन उतरतंय, वय जास्त, तर डॉक्टर सीटी सांगतात, गाठ बघायला. आणि कावीळ, थंडी वाजून ताप, पोटात दुखणं असं एकत्र आलं तर तुलना बिलना सोडा, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.