माझाच कंट्रोलर मला 7,200 रुपयांना विकला

आधी आकडा सांगतो. 10,550 रुपये, इलेक्ट्रिक स्कूटरच्या दुरुस्तीचे. कंट्रोलर म्हणजे मोटरला वीज सोडणारी पेटी, थ्रॉटल म्हणजे रेस द्यायची मूठ किंवा लिव्हर. 400 व्हिजिट, 4,000 कंट्रोलरचा ॲडव्हान्स, 3,200 बाकी, 1,450 थ्रॉटल, 1,500 कॅलिब्रेशन. यातल्या एका रुपयाचंही बिल माझ्याकडे नाही. बिलाशिवाय पैसे देऊ नका, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आलोय.

मी 22 वर्षं वायरमन आहे. कर्नाटकात बेळगावजवळच्या उचगाव-बेकिनकेरे पट्ट्यात बोअरच्या मोटरी, स्टार्टर, पॅनेल, घरांचं वायरिंग हेच माझं काम. त्यामुळं हे लिहायला लाज वाटते. पण मला फसवणारा माणूस अजून आमच्या भागात फिरतोय, म्हणून लिहितोय.

मे महिन्यात शिडीवरून पडलो, उजवं मनगट मोडलं, आत प्लेट बसली. स्कूटरची मूठ पिळून रेस दिली की कोपरापर्यंत कळ जायची. म्हणून 450 रुपयांचं अंगठ्यानं दाबायचं थ्रॉटल मागवलं आणि मीच बसवलं. लालला लाल (5 व्होल्टचा पुरवठा), काळीला काळी (ग्राउंड), हिरवीला हिरवी (सिग्नल). पिवळी आणि निळी अशा आणखी दोन वायरी होत्या, बॅटरीच्या दिव्याच्या. त्या वेगवेगळ्या टेप मारून बंद केल्या. तुम्ही बसवणार असाल तर नुसत्या रंगावर जाऊ नका, मीटर लावूनच जोडा. दिव्याच्या वायरीत बॅटरीचा पुरा व्होल्टेज येतो. माझ्या गाडीला 60 व्होल्टची बॅटरी आहे. ती वायर 5 व्होल्टच्या लाइनला टेकली की थ्रॉटल आणि कंट्रोलर दोन्ही जातात. मी ती चूक केली नव्हती. गाडी चालत होती.

खोड एकच होती. अंगठा थोडा दाबला तर गाडी जागची हलायची नाही, आणखी दाबला की एकदम झटका. आज कळतं की हा बिघाडच नव्हता. लिव्हरमध्ये लोहचुंबक असतो, तो हॉल सेन्सरजवळून (चुंबक ओळखणारा सेन्सर) सरकतो तसा हिरव्या वायरीवरचा व्होल्टेज वाढतो. सोडलेलं असताना 0.8-0.9, पूर्ण दाबल्यावर 3.6 ते 4.2 च्या आसपास. कंट्रोलर साधारण 1 व्होल्टच्या पुढं जागा होतो, तोपर्यंतची दाब वाया जाते. पण 230 आणि 440 मध्ये हात बसलेल्या माणसाला हे पाच व्होल्टचं काम नवीन होतं. त्यात भाताची लावणी सुरू, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, मनगट दुखत होतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली, ‘ई-स्कूटर थ्रॉटल कॅलिब्रेशन, लॅपटॉपवर, घरपोच’. नंबर फिरवला.

तो चंदगडकडून व्हॅन घेऊन आला. तिशीतला पोरगा, गोड बोलणारा, पहिल्या वाक्यापासून ‘मामा, मामा’. चहा घेतला, माझ्या मनगटाची चौकशी केली. मग गाडी डबल स्टँडला लावली, थ्रॉटल हँडलवरून सोडवून डाव्या हातात घेतलं, मीटरच्या क्लिपा काळ्या आणि हिरव्या वायरीला लावल्या, आणि मला म्हणाला, ‘मामा, चावी लावा.’ मी चावी लावली. मीटरवर 4.2.

‘बघा, हे एकच्या खाली पाहिजे. सेन्सर शॉर्ट आहे. आणि चाक फिरतंय का? नाही. कंट्रोलर गेला.’

त्याचा अंगठा लिव्हरवर होता. पूर्ण दाबलेला. नखाच्या कडेला काळं ग्रीस होतं, ते अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. मी तो अंगठा बघितला. बघूनही बघितला नाही, कारण मी आकड्याकडं बघत होतो. दाबलेल्या थ्रॉटलला 4.2 येणारच, उलट ते चांगल्या थ्रॉटलचं लक्षण आहे. आणि लिव्हर दाबून धरून चावी लावली तर बरेच कंट्रोलर चाक फिरूच देत नाहीत, गाडी अचानक पळू नये म्हणून ती सोय असते. दोन चांगल्या गोष्टी त्यानं मला दोन बिघाड म्हणून दाखवल्या. त्याच दिवशी सकाळी मी त्याच गाडीवरून डेअरीला दूध घालून आलो होतो! कंट्रोलर गेला असता तर सकाळी गाडी चालली कशी, एवढं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. रोज रात्री हेच आठवतं.

कुणी मीटर लावला की आधी त्याच्या हाताकडं बघा. लिव्हर सोडायला सांगा, मग चावी, मग आकडा.

‘वर्कशॉपला नेऊन चेक करतो’ म्हणून त्यानं कंट्रोलर काढून नेला, व्हिजिटचे 400 घेतले. दुसऱ्या दिवशी बाचीच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीत चहाच्या टपरीवर बोलावून 4,000 घेतले, फोनवरून. पैसे त्याच्या नावावर गेले नाहीत, कुणा बाईच्या नावाचं खातं आलं. ‘आमच्या घरातलंच आहे, मामा.’ तेही मी मान्य केलं. चौथ्या दिवशी ‘नवा’ कंट्रोलर आला, वर चकचकीत स्टिकर. 3,200 रोख दिले. 1,450 चं ‘ओरिजिनल’ थ्रॉटल बसवलं, ते माझ्या 450 वाल्यासारखंच हुबेहूब. मग लॅपटॉप उघडला, रंगीत रेषा वरखाली होत होत्या, त्याचे 1,500. केबल त्यानं तीन-स्पीडच्या स्विचच्या कनेक्टरमध्ये खुपसली होती. त्या कनेक्टरमधून फक्त कमी, मध्यम, जास्त असा स्पीड निवडला जातो, लॅपटॉपला तिथं वाचण्यासारखं काही नसतं. माझ्या साध्या कंट्रोलरला लॅपटॉप लावायची जागाच नाही. झटका तसाच राहिला. ‘चार दिवसांत सेट होईल’ म्हणाला.

अकराव्या दिवशी पुतण्यानं अंगणात गाडी चालू केली आणि तिनं एकदम पूर्ण रेस घेतली. गोठ्याच्या भिंतीवर गेली. गुडघ्याला चार टाके पडले. त्याची आई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही.

सीटखालचं उघडून बघतो तर थ्रॉटलच्या वायरी नुसत्या पिळून टेप मारलेल्या. डाग (सोल्डर) नाही, स्लीव्ह नाही. पावसाच्या ओलीनं आणि हादऱ्यानं काळी वायर सुटली होती. काळी सुटली की हिरवीवर जवळजवळ पुरा पुरवठा चढतो आणि स्वस्तातला कंट्रोलर तेच पूर्ण रेस समजतो. काळ्या वायरीला डाग द्याच, आणि कुठलंही काम झालं की पहिली चावी मागचं चाक अधांतरी ठेवूनच लावा.

मग कंट्रोलर काढला. पेटी बंद केली की एका स्क्रूवर लेकीच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायची माझी सवय आहे, म्हणजे कुणी उघडली तर कळतं. पहिलं थ्रॉटल बसवताना या कंट्रोलरवरही दिला होता. नव्या स्टिकरची कडा नखानं उचलली. खाली स्क्रूच्या खाचेत लाल रंग होता. माझाच कंट्रोलर! त्याला काही झालंच नव्हतं. मी तो 7,200 ला विकत घेतला होता.

आता पोलिसांचं. जवळच्या ठाण्यात गेलो. अर्ज मराठीत होता, तर ‘कन्नडात आणा’. 150 रुपये देऊन कन्नडात टाइप करून आणला. मग म्हणाले, गाडीची आरसी दाखवा. अहो, 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या गाडीला रजिस्ट्रेशनच लागत नाही, आरसी कुठून आणू? ‘मग गाडी तुमची कशावरून?’ फसवलं गेलेल्या माणसाला हा प्रश्न! साहेब नाहीत, नाळे बर्री, म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी परत नाळे बर्री. तिसऱ्या दिवशी साहेब भेटले, म्हणाले, पैसे शिनोळीत दिलेत ना, मग ते महाराष्ट्राचं, तिकडं जावा. तिकडच्या ठाण्यात गेलो, ते म्हणाले गाडी कर्नाटकात, घर कर्नाटकात, काम कर्नाटकात, इथं कशाला आलात? दोन ठाण्यांच्या मध्ये मी चार हेलपाटे घातले, भर लावणीत, मजुरी बुडवून. सीमाभागातल्या माणसाला मत मागायला दोन्हीकडचे येतात, तक्रार घ्यायला दोन्हीकडचे हात वर करतात.

आणि कायदा काय सांगतो? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्यानं घ्यायची असते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. हे मला वकिलाकडं काम करणाऱ्या भाच्यानं सांगितलं. ठाण्यात एकानंही सांगितलं नाही. मी कलम सांगितलं तर ‘लय शिकलेले दिसता’ असं ऐकून घ्यावं लागलं.

तुमच्यावर वेळ आलीच तर ठाण्यात तोंडी बोलून परत फिरू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच मागा. पैसे फोनवरून गेले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी वीस दिवसांनी लावला. ग्राहक तक्रारीसाठी 1915 आहे. आणि 2019 च्या ग्राहक कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, समोरचा महाराष्ट्रातला असला तरी. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

मी तिथं तक्रार करतोय. स्टिकर अर्धा सोललेल्या अवस्थेत ठेवलाय, तो लाल ठिपका दिसतो असे फोटो काढलेत. उचगाव, हिंडलगा, सुळगा, बाची, चंदगड भागात कुणाच्या गाडीचा कंट्रोलर ‘चेक करायला’ म्हणून व्हॅनमधून गेला असेल आणि नवा होऊन परत आला असेल, तर स्टिकरची कडा उचलून खाली काय आहे ते बघा. जुनं लेबल, जुना ओरखडा, काहीही सापडलं तर फोटो काढून मला कळवा. तक्रारीत माझ्या नावाबरोबर दुसरं नाव हवंय.