सीपॅप मशीन वर्षभर वापरल्यानंतर: पैसे मास्कवर घाला

मला स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास मध्येच थांबतो. त्यासाठी मास्कमधून दाबानं हवा देणारं सीपॅप मशीन रात्री लावतो. मशीन कुठलं घेतलं, हे सगळे विचारतात. मास्क कुठला, हे कोणी विचारत नाही. वर्षभर रोज लावून झोपल्यावर माझं मत असं की मशीनं बहुतेक सगळी चांगलीच असतात, माणूस कंटाळतो तो मास्कला.

घोरणं आमच्या घराण्यातच, त्यामुळे कोणी मनावर घेत नव्हतं. रात्री तीनदा लघवीला उठायचो, म्हणून साखर तपासली, ती नॉर्मल. दोन गोळ्या चालू असूनही बीपी हटत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी मला सोडून बायकोलाच विचारलं, "यांचा श्वास मध्येच थांबतो का हो?" ती म्हणाली, "थांबतो ना, मग एकदम दचकल्यासारखा सुरू होतो." त्यांनी टेपनं गळा मोजला, ४३ सेंटिमीटर. पुरुषांत ४० च्या वर गेला की या आजाराची शंका घेतात म्हणे.

स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी, घरीच झाली. बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा. एएचआय आला ३८, म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबत किंवा उथळ होत होता. ५ च्या आत नॉर्मल, ३० च्या वर तीव्र.

ऑटो सीपॅप (दाब आपोआप कमी-जास्त करणारं) आधी भाड्यानं घेतलं, मग विकत. तुम्हीही तसंच करा. हे मशीन ऑक्सिजन देत नाही, साध्या हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं. (आमच्या मावशींना मी ऑक्सिजनवर आहे असंच वाटतं, फोनवर रडल्या होत्या.) दाबाची मर्यादा डॉक्टरांनी लावून दिली. पंखा चालू असला की आवाज जाणवतसुद्धा नाही.

आता मास्क. दुकानदारानं नाक-तोंड दोन्ही झाकणारा गळ्यात मारला. मला भरघोस मिशी. मिशीतून हवा सुटायची, वरच्या कडेनं डोळ्यांत जायची, सकाळी डोळे लाल. पट्टे आवळले तर नाकाच्या मुळाशी वळ. "मिशी काढा," म्हणाला. मी मास्क बदलला. नाकपुड्यांशी टेकणारा छोटा सिलिकॉनचा घेतला, तो मिशीच्या वरच बसतो. त्यात तोंड उघडलं की हवा वाया जाते, पण माझं तोंड उघडत होतं ते नाक चोंदल्यामुळे. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे दिला आणि ते थांबलं. सकाळी स्क्रीनवर एएचआय बघता तसा लीकचा, म्हणजे मास्कमधून सुटणाऱ्या हवेचा, आकडाही बघा. माझा एएचआय आता २-३ असतो.

नाशिकच्या थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड व्हायची. हवा ओलसर करणारा मशीनचा ह्युमिडिफायर एका अंकानं उतरवला, नळीवर कापडी कव्हर चढवलं. वीज गेली की इन्व्हर्टरवर चालतं, तेव्हा ह्युमिडिफायर बंद ठेवतो, जास्त वीज तोच खातो. विम्याचा क्लेम नाकारला गेला, पॉलिसी आधी वाचून घ्या.

लघवीला उठणं जवळपास बंद झालं. बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. वजन मात्र आपोआप उतरलं नाही, आणि लग्नाकार्याला मशीन न नेता गेलो की दुसऱ्या दिवशी पुन्हा जांभया.

मास्कचं कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, रोज पुसूनही काही महिन्यांत मऊ पडतं आणि लीक वाढतो. मास्क घेतानाच नुसतं कुशन वेगळं मिळतं का ते विचारा, माझ्या पहिल्या मास्कचं मिळत नव्हतं.