उंच ट्रॅक्टरला जुनी दोनचाकी ट्रॉली : उंची बदलणाऱ्या कडीचं परीक्षण

चाळीसच्या आतला ट्रॅक्टर देऊन पंचावन्न एचपीचा घेताना बोलणं होतं ते इंजिनाचं, लिफ्टचं आणि हप्त्याचं. घरच्या जुन्या ट्रॉलीचा विषय निघत नाही. नवीन गाडी दारात येते, ट्रॉली जोडली जाते आणि मग दिसतं की ट्रॉलीचं तोंड वर, शेपूट खाली. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यातले फॅब्रिकेशनवाले यावर एक वस्तू बनवून देतात : दांडीच्या टोकाला वेल्ड करायची जाड प्लेट, तिच्यात भोकांच्या दोन उभ्या ओळी, आणि चार बोल्टांवर बसणारी कडी. कडी हव्या त्या भोकांवर घ्यायची आणि ट्रॉली सपाट करायची. वस्तू कामाची आहे, पण ती कुणी घ्यावी, कशी पारखावी आणि कुठल्या बाजूला सरकवावी यात बरेच जण चुकतात.

आधी कुणी घेऊ नये ते. टर्नटेबलवाल्या, म्हणजे पुढचा एक्सल दांडीबरोबर वळणाऱ्या, चारचाकी ट्रॉलीला ही कडी नको. तिची दांडी पुढच्या एक्सलला पिनवर हलती असते, वजन सगळं स्वतःच्या चार चाकांवर असतं. हुक वर गेला तर फक्त दांडी तिरपी होते, हौदा तसाच सपाट राहतो. अशा ट्रॉलीला उंची बदलणारी कडी बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं, आणि वर एक बोल्टचा सांधा वाढवून घेणं.

दोनचाकीचं गणित वेगळं. तिथे दांडी आणि चासी एकच असते आणि भाराचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकावर बसतो. भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर असावा, आणि तो ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या आत राहावा. हुक वर गेला की हा भार कमी होतो. समजा हुकापासून एक्सलपर्यंत ३ मीटर अंतर आहे आणि हुक १५० मिलिमीटर वर गेला. ट्रॉली साधारण ३ अंश मागे कलते. ऊस किंवा कडबा भरलेला असेल तर भाराचा मध्य एक्सलच्या १.३ मीटर वर असतो, म्हणजे तो ६५ मिलिमीटर मागे सरकतो. एकूण ६ टन वजनावर हुकाचा भार १३० किलोने उतरला. आधी ६०० किलो होता तो ४७० वर आला. तीच ट्रॉली चिऱ्यांनी भरली तर भार खाली बसतो, मध्य एक्सलपासून अर्धा मीटरच वर, आणि फरक ५० किलोवर येतो. म्हणून खानापूरकडे चिरे ओढणाऱ्याला जो कल चालून जातो, तो उंच भार नेणाऱ्याला चालत नाही.

यात चढ मिळवा. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल तर उंच भाराच्या ट्रॉलीत आणखी जवळपास तेवढंच वजन हुकावरून उतरतं. वंटमुरी किंवा तवंदी घाटात ट्रॅक्टरची मागची चाकं नेमकी तिथेच फिरायला लागतात जिथे पकड हवी असते, आणि ट्रॉली मागून डुलायला लागते. भार मागे घसरून मागच्या फाळक्यावर जोर येतो तो वेगळाच.

आता उंची नेमकी कुठून आली ते बघा. चाळीसच्या आतल्या बऱ्याच ट्रॅक्टरांना मागे १३.६-२८ टायर असतात, पंचावन्नच्या गाड्यांना १६.९-२८. टायरच्या उंचीतला फरक साधारण १२० मिलिमीटर, म्हणजे एक्सल वर जातो फक्त ६० मिलिमीटर. कल त्याहून जास्त दिसत असेल तर उरलेला फरक हुकाच्या ब्रॅकेटचा आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या ब्रॅकेटला दोन-तीन उंचीची भोकं असतात आणि डिलिव्हरीच्या वेळी हुक वरच्या भोकावर राहिलेला असतो. तो खाली घेतला तर खर्च शून्य. हे न बघता कडीची ऑर्डर देऊ नका. हुक खाली असण्याचा दुसरा फायदाही मोठा आहे : ओढ मागच्या एक्सलच्या मध्याच्या जितकी खाली, तितकं ट्रॅक्टरचं तोंड उचलण्याची भीती कमी. मध्याच्या वर हुक कधीच नको. आणि लिफ्टच्या हातांमधल्या आडव्या बारला भरलेली ट्रॉली जोडणं तर पूर्ण टाळा, तिथे उंची स्थिर राहत नाही आणि गाडी मागे उलटू शकते.

ब्रॅकेट खाली घेऊनही फरक उरला तर मोजमाप भरलेल्या ट्रॉलीवर घ्या. रिकाम्या ट्रॉलीवर घेतलेलं माप फसवतं, कारण भार आला की ट्रॅक्टरचे टायर १५-२० मिलिमीटर दबतात आणि ट्रॉलीचे पाटेही (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात. जागा सपाट हवी. टायरमध्ये कामाची हवा भरून घ्या. पाणसळ हौद्याच्या पत्र्यावर ठेवू नका, पत्रा झोळ खातो, ती चासीच्या लांब चॅनेलवर ठेवा. ट्रॅक्टर सोडून ट्रॉली पुढच्या जॅकवर उभी करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, बुडबुडा मध्ये येईपर्यंत स्क्रू फिरवा आणि जमिनीपासून कडीच्या मध्यापर्यंत उंची घ्या. मग ट्रॅक्टरच्या हुकाची उंची घ्या आणि त्यातून टायर दबण्याचे २० मिलिमीटर वजा करा. दोन्हीतला फरक म्हणजे कडी सरकवायचं अंतर.

सरकवायची कुठे, तर वर. इथे खूप जणांचा घोळ होतो. ट्रॅक्टर उंच आहे म्हणून कडी खाली घेतली तर दांडी आणखी वर जाते आणि कल वाढतो. हुकाची उंची ठरलेली आहे, कडी त्याच उंचीला राहणार. दांडी खाली यायची असेल तर कडी दांडीच्या मानाने वर बसली पाहिजे. म्हणून प्लेट दांडीच्या वर निघालेली हवी. खाली लोंबणारी प्लेट कुणी दाखवली तर ती ठेंगण्या ट्रॅक्टरासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. अगदी सपाट जमत नसेल तर तोंड १०-२० मिलिमीटर खाली चालेल, वर नको. फरक ५० मिलिमीटरच्या आत असेल आणि माल चिरे, विटा, शेणखत असा ठेंगणा असेल, तर काही न करता चालवलेलं बरं.

वस्तू पारखायची कशी? ३५० मिलिमीटर उंच, २०० रुंद आणि २० जाड अशी प्लेट दांडीच्या १२५ मिलिमीटर उंचीच्या चॅनेलला योग्य आहे. ५० मिलिमीटरच्या अंतराने सहा ओळी, बारा भोकं, आणि कडीच्या बोल्टांमधलं उभं अंतर १०० असलं की कडीला चार जागा मिळतात. अशी प्लेट भोकांसकट १० किलोच्या थोडी वर भरते. काट्यावर ठेवा. सव्वाआठच्या आसपास भरली तर ती १६ मिलिमीटरची आहे, रंगाखाली जाडी कळत नाही पण वजन लपत नाही. भोकं ड्रिलची हवीत. गॅसने कापलेल्या भोकाची आतली बाजू खरबरीत आणि कडेला वितळून गोलसर झालेली असते, बोट फिरवलं की लगेच कळतं. अशा भोकात बोल्टला पूर्ण टेकू मिळत नाही, तो हलत राहतो आणि भोक लांबट होत जातं. एम२०, म्हणजे २० मिलिमीटर जाडीच्या, बोल्टला २२ मिलिमीटरचं भोक पुरे.

खरा धोका कडीत असतो. कडी घडीव पोलादाची हवी. बिडाची कडी धक्क्याने वाकत नाही, सरळ तुटते, आणि तुटण्याआधी काही सूचना देत नाही. विकत घेण्याआधी कोपऱ्यावर ग्राइंडर टेकवून बघा : पोलादाच्या ठिणग्या लांब आणि पिवळ्या-पांढऱ्या उडतात, बिडाच्या आखूड आणि लालसर. दुकानदार ग्राइंडर लावू देत नसेल तर दुसरीकडे जा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीही आहेत आणि मशीन शॉपही, चांगली वस्तू बनवून घेता येते. सांगताना मात्र चारही बोल्टांवर ८.८ चा (मजबुतीचा) शिक्का आणि नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे नट हे तोंडी न ठेवता कागदावर लिहून द्या.

बसवणुकीत सगळ्यात जास्त नुकसान वेल्डिंगमध्ये होतं. कडी दांडीच्या मध्यापासून १०० मिलिमीटर वर गेली आणि चिखलातून निघताना दीड टन ओढ लागली, तर १२५ च्या चॅनेलच्या वरच्या वेल्डवर नेहमीच्या ओढीशिवाय आणखी १२०० किलोचा ताण येतो. नुसती प्लेट टोकाला चिकटवून हा ताण पेलत नाही. प्लेटच्या मागे, दांडीच्या वर, दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटरचे त्रिकोणी टेकू हवेतच, आणि त्यांचा पाया दांडीवर किमान २०० मिलिमीटर लांब हवा. ज्या कामात हे टेकू नाहीत ते घेऊ नका, बाकी सगळं उत्तम असलं तरी. वेल्डिंगला ७०१८ नंबरची (कमी हायड्रोजनची) रॉड आणि ती भट्टीत सुकवलेली. आपल्याकडच्या पावसात उघड्या पुड्यातली ७०१८ ओल धरते आणि वेल्डच्या बाजूला बारीक तडे जातात, जे पहिल्या दिवशी दिसत नाहीत. शक्यतो हे काम पावसाळा संपल्यावर, गळीत सुरू होण्याआधी करून घ्या. जुना रंग आणि गंज पांढऱ्या लोखंडापर्यंत घासून, ट्रॅक्टर सोडून मगच वेल्डिंग करायचं. मागे नटवर ३० चा पाना जाईल एवढी जागा राहते का हे टाके मारतानाच बघा. दोन चॅनेल जुळतात त्या कोपऱ्यात खालचे नट अडकतात आणि नंतर कडी सरकवायची वेळ आली की पाना बसत नाही.

८.८ च्या एम२० बोल्टसाठी सुमारे ४०० न्यूटन-मीटर आवळ लागते. टॉर्क पाना नसेल तर एक मीटरच्या पाइपवर चाळीस किलोचा जोर. आवळून झाल्यावर नट आणि प्लेट यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पहिल्या दोन-तीन भरलेल्या फेऱ्यांनंतर पुन्हा आवळायचं. खालचे दोन बोल्ट आधी बघा, कारण हुक कडीला वर रेटतो तेव्हा कडीची खालची कड प्लेटपासून सुटायला बघते. वॉशरभोवती लालसर, बारीक भुगा दिसला म्हणजे सांधा आतून घासतोय. नुसतं आवळून भागत नाही, बोल्ट काढून बदला आणि भोक लांबट झालंय का तपासा.

जोडल्यावर रिकाम्या ट्रॉलीने दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घेऊन बघा. उंच प्लेटचा कोपरा लिफ्टच्या हातांना लागू शकतो. बांध ओलांडताना ट्रॅक्टरचं मागचं टोक खाली जातं, तेव्हा प्लेटची वरची कड पीटीओच्या (ट्रॅक्टरच्या मागे अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टच्या) आवरणाला लागते. लागत असेल तर वरचे कोपरे तिरके कापून घ्या, भोकापासून ४० मिलिमीटर लोखंड मात्र राहू द्या.

या कडीऐवजी ट्रॉलीच उंच करणं हा दुसरा मार्ग. ९.००-१६ च्या जागी ९.००-२० टायर घातले तर साधारण ६० मिलिमीटर मिळतात, पण रिम, मडगार्ड सगळं बदलावं लागतं. पाटा आणि एक्सलमध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्ट लावणं स्वस्त पडतं. दोन्हीत भार तेवढाच वर जातो आणि कालव्याच्या तिरक्या रस्त्यावर ट्रॉली कलंडण्याची भीती वाढते. उंच माल नेणाऱ्यांना आम्ही हे सुचवणार नाही.

सगळ्यात चांगला उपयोग होतो तो एका घरात दोन ट्रॅक्टर आणि एकच ट्रॉली असते तिथे. लहान गाडीला खालची जागा, मोठीला वरची. दोन्ही जागांसमोर प्लेटवर रंगाने खूण करून ठेवा आणि दर वेळी बदलताना नायलॉक नट नवे घाला. बसवून झाल्यावर एकदा वजनकाट्यावर खात्री करा : भरलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टर काट्यावर घ्या, ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर सपाट जागेवर ठेवा. आलेल्या आकड्यातून एकट्या ट्रॅक्टरचं वजन वजा केलं की हुकावरचा भार मिळतो. तो दहा टक्क्यांच्या खाली असेल तर कडी आणखी एक भोक वर घ्या, किंवा माल भरतानाच थोडा पुढे घ्या.