घटस्फोटानंतर फ्लॅट, ठेवी आणि कर्ज: आपसांत वाटणी की कोर्टात इन्व्हेंटरी?

घटस्फोट ठरला, पण फोंड्याच्या फ्लॅटचे आणि त्याच्या हप्त्यांचे काय करायचे हे ठरलेले नाही, अशा ठिकाणी तुम्ही असाल तर गोव्यात दोन वाटा आहेत. दोघांनी बसून आकडे जुळवायचे आणि वाटणीपत्र करायचे, ही पहिली. दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची आणि देण्यांची यादी करून वाटणी करून घेण्याचे प्रकरण, घालायची, ही दुसरी. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, पण ती प्रत्येकाला परवडतेच असे नाही.

आधी पाया. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० साली लागू झाली आणि मुक्तीनंतरही १९६२च्या कायद्याने ती चालू राहिली. लग्नाआधी नोंदणीकृत करार केला नसेल तर या संहितेनुसार नवरा-बायकोची सगळी मालमत्ता समाईक धरली जाते आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा असतो. फ्लॅट एकाच्याच नावावर असला, पगार एकाचाच असला, तरी हे बदलत नाही. प्राप्तिकरात गोवेकर जोडप्यांचे भाड्याचे आणि धंद्याचे उत्पन्न निम्मे-निम्मे दाखवतात, पगार मात्र ज्याचा त्याच्याकडे राहतो. त्यावरून ‘पगारातून साठवलेले ते माझे एकट्याचे’ असा समज पुष्कळांचा असतो. तो नियम कर आकारण्यापुरता आहे. वाटणीत पगाराची बचतही समाईकच.

म्हणून सावंतवाडीचा मामा किंवा कोल्हापूरची आत्या काय सांगते यावर जाऊ नका. महाराष्ट्रात हिंदू विवाह कायदा चालतो. तिथे ढोबळमानाने ज्याच्या नावावर त्याची मालमत्ता, आणि न्यायालय पोटगी ठरवते. कलम २७ आहे, पण ते लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या भेटवस्तूंपुरते. त्यांचा सल्ला त्यांच्या कायद्याला धरून बरोबरच असतो, तुमच्या घराला तो लागू पडत नाही. लग्नाआधी करार केला असेल तर मात्र तोच उघडून वाचा. लग्नानंतर तो बदलता येत नाही आणि त्यात मालमत्ता वेगळी ठेवली असेल तर पुढचे बरेचसे गणित तुमच्यासाठी नाही.

सगळ्यात जास्त रडारड होते ती वडिलोपार्जित वाट्यावरून. बाईला पेडण्यातल्या माहेरच्या घरात वाटा मिळाला, तर तोही समाईक धनात येतो. नवऱ्याच्या मूळ घरातला, जिथे अजून चतुर्थीला सगळे भाऊ एकत्र जमतात तिथला, त्याचा अविभक्त वाटाही तसाच. दोन्ही बाजूंना हे ऐकून धक्का बसतो. देणाऱ्याने बक्षीसपत्रात किंवा मृत्युपत्रात ‘हे समाईक होणार नाही’ अशी स्पष्ट अट घातली असेल तर तेवढे बाजूला राहते. ते कागद आधी शोधा.

आता कर्ज. इथे दोन वेगळी नाती आहेत आणि लोक ती एकत्र करतात. एक नाते तुम्हा दोघांमधले. घरासाठी, मुलांसाठी, दोघांच्या संमतीने घेतलेले कर्ज समाईक. एकाने आपल्या मर्जीने घेतलेले, ज्याचा घराला उपयोग झाला नाही, ते त्याच्या अर्ध्या हिश्शातून जाते. दुसरे नाते बँकेशी. गृहकर्जावर दोघांच्या सह्या असतील तर बँक पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकते. ‘फ्लॅट आणि हप्ते नवऱ्याकडे’ असे वाटणीपत्रात लिहिले किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यात आले, तरी बँक त्याला बांधील नाही. त्याने तीन हप्ते चुकवले की नोटीस तुमच्याही पत्त्यावर येणार आणि सिबिलचा स्कोअर तुमचाही पडणार.

आपसांतल्या वाटणीचा खरा फायदा इथे आहे. समजा फ्लॅटची किंमत ६० लाख, त्यावर बाकी कर्ज २२ लाख. मुदत ठेव आणि पतसंस्थेतली पिग्मी मिळून ६ लाख. बायकोचा माहेरचा वाटा २० लाखांचा. शिवाय नवऱ्याने एकट्याने काढलेले ४ लाखांचे वैयक्तिक कर्ज. फ्लॅट कर्जासकट नवऱ्याने घेतला तर त्याच्याकडे निव्वळ ३८ लाख, बायकोकडे माहेरचा वाटा आणि ठेवी मिळून २६ लाख. एकूण ६४, प्रत्येकी ३२, म्हणजे नवऱ्याने तिला ६ लाख द्यायचे. पण ते ४ लाख समाईक कर्ज ठरले तर एकूण ६० होतात, प्रत्येकी ३०, आणि तिला मिळायचे ४ लाखच. एका कर्जाच्या स्वरूपावर तिचे दोन लाख अवलंबून आहेत. म्हणून त्या ४ लाखांचे काय झाले हे बँक स्टेटमेंटवरून बघा. मुलाच्या इंजिनिअरिंगची फी भरली की शेअर बाजारात गेले, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि तो विचारताना संकोच करू नका.

सहमतीत हा हिशेब तुम्ही हवा तसा वळवू शकता. माहेरचे घर माहेरीच ठेवता येते, ६ लाख दोन टप्प्यांत देता येतात, सहा महिन्यांत फ्लॅट विकून कर्ज फेडायचे आणि उरलेले वाटून घ्यायचे असेही ठरवता येते. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर २२ लाखांचे कर्ज पेलत नसेल तर विकणे हाच शहाणपणाचा निर्णय, मग त्या घराशी मन कितीही गुंतलेले असो. आणि फ्लॅट दोघांच्या नावावर तसाच ठेवू, मुले मोठी झाल्यावर बघू, हा तोडगा मी कोणालाही सुचवणार नाही. मधल्या काळात एकाचे काही बरेवाईट झाले तर त्याचे वारस, कदाचित नवे कुटुंबही, तुमचे भागीदार होऊन बसतात.

इन्व्हेंटरी वेगळ्या चालीने जाते. तिची पद्धत २०१२च्या गोव्याच्या उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आहे. तो लागू झाला २०१६च्या डिसेंबरात. न्यायालय एकाला प्रशासक नेमते, तो शपथेवर मालमत्तेची आणि देण्यांची यादी देतो, दुसरी बाजू तिच्यावर हरकत घेऊ शकते. मूल्यांकन होते, मग बैठक. तिथे जमले नाही तर लिसिटेशन, म्हणजे फक्त हितसंबंधी पक्षकारांमधली बोली. ज्याची बोली जास्त त्याला ती वस्तू, आणि हिश्शापेक्षा जास्त घेतले तर फरकाचे पैसे दुसऱ्याला रोख.

या बोलीत ईर्षा महाग पडते. वरच्याच उदाहरणात ते ४ लाख नवऱ्याचे एकट्याचे धरू. फ्लॅट सोडायचा नाही म्हणून त्याने ७० लाखांपर्यंत बोली नेली, तर एकूण निव्वळ ७४ लाख होतात आणि त्याला ६ ऐवजी ११ लाख मोजावे लागतात. कर्ज आहे तसेच डोक्यावर. उलट, ज्याच्याकडे रोकड नाही त्याला बोली लावताच येत नाही आणि घर हातचे जाते. बहुतेक वेळा ती बायको असते. इन्व्हेंटरी निकाली निघायला वर्षे जातात, तोवर हप्ते कोण भरतो याचे भांडण वेगळे चालू राहते. भरणाऱ्याने प्रत्येक पावती जपून ठेवावी, शेवटच्या हिशेबात ती मांडता येते.

तरीही काही ठिकाणी इन्व्हेंटरीच घाला. समोरचा ठेवी लपवतो आहे, धंद्याचे हिशेब दाखवत नाही, म्हापशातले दुकान कोणा नातेवाइकाच्या नावावर फिरवल्याची शंका आहे, तर गोड बोलून यादी बाहेर येणार नाही. शपथ आणि हरकतीची सोय तिथे कामाला येते. ज्या बाईला दबावाखाली सही करायला सांगितले जात आहे, तिनेही ‘कोर्टात वेळ जातो’ या धाकाला घाबरू नये. तिचा अर्धा हिस्सा कुठे जात नाही, आणि लग्न टिकून आहे तोवर तिच्या सहीशिवाय स्थावर मालमत्ता विकताही येत नाही. मुलांची पोटगी हा तिसराच विषय आहे. ‘फ्लॅट देतो, पोटगी सोड’ अशा सौद्यात मुलांचे पैसे अडकवू नका.

दोघेही कागद उघडे ठेवायला तयार असतील तर मात्र आपसांतच करा, फक्त क्रम पाळा. पहिल्यांदा बँकेत जा. एकाच्या उत्पन्नावर कर्ज चालू ठेवायला आणि दुसऱ्याचे नाव काढायला ती तयार आहे का, हे लेखी घ्या. नाही म्हणाली तर दुसरी बँक ते कर्ज आपल्याकडे घेते का (टेकओव्हर) बघा, तेही नाही तर विक्री. मग मूल्यांकन, मग अटी. घटस्फोटाचा हुकूमनामा आल्यावर वाटणीपत्र सबरजिस्ट्रारकडे नोंदवा, नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या सह्यांनी फ्लॅट नावावर होत नाही. फरकाची रक्कम नोंदणीच्या दिवशीच डिमांड ड्राफ्टने घ्या, आणि कर्जातून तुमचे नाव कमी केल्याचे बँकेचे पत्र हातात पडल्याशिवाय फ्लॅटवरचा हक्क सोडणारी सही करू नका. माहेरचा किंवा मूळ घराचा वाटा असेल तर फॉर्म १ व १४ची, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्याची, ताजी प्रत काढा आणि वाटणीनंतर मामलेदाराकडे म्युटेशनचा, म्हणजे त्या नोंदीतली नावे बदलण्याचा, अर्ज त्याच महिन्यात द्या.