'सरकारी लायसन्स'वाला इंटिरिअर डिझायनर

नागपुरात घराचं इंटिरिअर करायला काढलं असेल तर हे वाचाच. आपल्या देशात इंटिरिअर डिझायनरला सरकारी लायसन्स मिळतच नाही, तसा कायदाच नाही. तरी आम्हाला ते 'लायसन्स' दाखवण्यात आलं.

मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटचं काम ज्याने घेतलं, त्याच्या ऑफिसात भिंतीवर फ्रेम होती. अशोकस्तंभ, 'भारत सरकार', क्यूआर कोड. "ताई, मंत्रालयाचं लायसन्स आहे, स्कॅन करून बघा ना." स्कॅन केलं की खरंच सरकारी साइट उघडते. माणूस फसतो तो इथेच. ते होतं उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, जे 2020 पासून कुठल्याही छोट्या धंद्याला ऑनलाइन, फुकट, स्वतः भरलेल्या माहितीवर मिळतं. शेजारी गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी. डिझाइनच्या शिक्षणाशी दोन्हींचा काडीचाही संबंध नाही.

कार्डावर 'आर्किटेक्ट' असंही छापलेलं. या शब्दाला मात्र 1972 चा कायदा आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल तर तो नावापुढे लावताच येत नाही. नोंदणी क्रमांक 'सीए'ने सुरू होतो आणि कौन्सिलच्या साइटवर कोणालाही तपासता येतो. याचं नाव तिथे नव्हतंच.

कोटेशनमध्ये मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड (भारतीय मानक आयएस 710), आणि भावही तोच. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचं कपाट फुगलं, दार लागेना. दुसऱ्या सुताराने फळी उचकटली तर भिंतीकडच्या बाजूला शिक्का: आयएस 303, एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं साधं प्लाय. कोरड्या जागेतल्या कपाटाला ठीक, पण सिंकखालच्या पाण्यात ते टिकतच नाही. त्याहून भयंकर म्हणजे हॉल मोठा दिसावा म्हणून त्याच्या माणसांनी कॉलमला छिन्नी लावली होती, आतली सळई उघडी पडलेली. सोसायटीतल्या एका इंजिनीअर काकांनी येऊन काम थांबवलं म्हणून बरं. कॉलम-बीमला हात लावायचा तर स्ट्रक्चरल इंजिनीअरची लेखी परवानगी मागाच; तिथे दिसण्याचा नाही, वरच्या मजल्यांच्या जिवाचा प्रश्न असतो.

अर्ध्याहून जास्त पैसे घेऊन झाल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. 1915 या हेल्पलाइनवर माहिती मिळते. कोटेशन, यूपीआयच्या पावत्या, भिंतीवरच्या फ्रेमचा आणि प्लायच्या शिक्क्याचा फोटो, एवढं सगळं तक्रारीला जोडलंय.